नावाला लागलेली काजळी
'बिस्मर्च' या इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने

नाशिकरोडजवळ, गोदावरीच्या काठी असलेले एकलहरे हे गाव जिल्ह्याबाहेर ओळखले जाते ते तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे. या केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला. आज प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच मिळून त्याची क्षमता ६३० मेगावॉट आहे. रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा येतो, दळला जातो, जळतो आणि त्याची वीज होते. मागे उरते ती राख. तिचा बारीक अंश धुराबरोबर गावावर पसरू नये म्हणून धुराड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो विद्युतभारित पट्ट्यांवर ओढून धरण्याची व्यवस्था अशा केंद्रांत केलेली असते.

कोळशाच्या सान्निध्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना काजळीचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाही. वाळत घातलेल्या पांढऱ्या वस्त्रावर बसलेला काळा कण कोरडा असताना झटकला तर निघून जातो. घाईने, ओल्या बोटाने पुसायला गेले की त्याचा डाग होतो. मूळ कण तिळाएवढाही नसतो, डाग मात्र दुरून दिसतो. आणि पुसणाऱ्याचे बोटही काळे होते.

इंग्रजी भाषेने नेमक्या याच अनुभवावर एक क्रियापद घडवले आहे : 'बिस्मर्च'. एखाद्याच्या नावाला, कीर्तीला किंवा स्मृतीला काळिमा लावणे, हा त्याचा आजचा अर्थ. शालेय कोशात तो एका ओळीत संपतो. परंतु ज्या कुटुंबांचा चरितार्थ नावावर चालतो, दुकानावरची पाटी ज्यांच्या घरी तीन-तीन पिढ्यांची ठेव असते, त्यांनी हा शब्द थोडा थांबून पाहण्यासारखा आहे.

शब्दाची घडण

'स्मर्च' म्हणजे काजळीने, चिखलाने किंवा तत्सम मळाने माखणे. त्याच्या आधी लागलेला 'बि' हा उपसर्ग ती क्रिया सर्वांगावर पसरवतो. उच्चार करताना आघात 'स्मर्च' या दुसऱ्या भागावर पडतो.

शेक्सपियरच्या दोन नाटकांत या शब्दाचे दोन्ही अर्थ आढळतात. 'पाचवा हेन्री' या नाटकात फ्रान्समधील लढाईपूर्वी राजा आपल्या सैनिकांविषयी बोलतो. भर पावसातल्या कूचीने त्यांच्या पोशाखांची झळाळी मळून गेली आहे असे सांगताना तो हे क्रियापद वापरतो. तेथे अर्थ अगदी शब्दशः आहे, वस्त्रे मळली. 'हॅम्लेट'मध्ये मात्र लेअर्टीस आपल्या बहिणीला राजपुत्राविषयी सावध करतो, तेव्हा तोच शब्द वस्त्राऐवजी मनाच्या शुद्धतेला लावला जातो. कापडावरचा डाग चारित्र्यावर आला तो असा.

आज या क्रियापदाचे कर्म बहुधा नाव, प्रतिष्ठा किंवा दिवंगताची स्मृती हेच असते. हा बोलीतला शब्द नव्हे. अग्रलेखात, चरित्रात, औपचारिक निषेधपत्रात तो शोभतो. न्यायालयाचा पारिभाषिक शब्द निराळा, 'डिफेम'. 'लायबल' ही लेखी बदनामी, 'स्लँडर' ही तोंडी. आपल्याकडील फौजदारी कायद्याने मात्र लेखी आणि तोंडी असा भेद केलेला नाही. 'डेनिग्रेट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील 'काळा' हा अर्थ आहे, म्हणजे आपले 'काळे फासणे'. 'ॲस्पर्शन' या शब्दाच्या मुळाशी शिंपडण्याची क्रिया आहे, म्हणजे आपले 'शिंतोडे उडवणे'. दोन दूरच्या भाषा स्वतंत्रपणे त्याच चित्रापर्यंत पोहोचल्या.

'बिस्मर्च' या शब्दात आणखी एक गोष्ट गृहीत असते. वस्तू मुळात स्वच्छ होती आणि मळ नंतर लागला. म्हणूनच एखाद्याने खरोखर केलेली लबाडी पुराव्यानिशी उघड करणाऱ्याला हा शब्द सहसा लावला जात नाही. माणूस स्वतःच्या वर्तनाने आपल्या घराण्याचे नावही 'बिस्मर्च' करू शकतो. तेव्हा काजळी बाहेरून येत नाही, घरातल्याच चुलीची असते.

बट्टा, अब्रू आणि लांछन

मराठीतील शब्द पाहिले तर व्यापारी वाचकाला पहिल्या शब्दापाशीच आपली पेढी दिसेल. 'नावाला बट्टा लागणे' असे आपण सहज म्हणतो. बट्टा हा मूळचा सराफाचा शब्द. पेशवाईच्या काळात निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एकाच बाजारात फिरत असत. आजच्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथेही टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया चलनात होता. सराफ नाणे हातात घेऊन पारखी. ते झिजलेले, कमी वजनाचे किंवा परमुलखातील असेल तर दर्शनी किमतीतून काही रक्कम कापून घेई. ती कापलेली रक्कम म्हणजे बट्टा. नाण्यावरचा छाप तोच असे, पण बाजारात त्याचे मोल घटलेले असे. नावाला बट्टा लागतो म्हणजे नेमके हेच होते. पाटीवरची अक्षरे बदलत नाहीत; मात्र त्या नावावर कालपर्यंत जो माल उधारीने मिळत होता, तो आज रोखीशिवाय मिळत नाही.

जुन्या हुंडीव्यवहारात तर नाव ही व्यवहाराची अटच होती. शाहजोग हुंडीचे पैसे हुंडी घेऊन येणाऱ्या कोणालाही मिळत नसत. ती 'शाह' माणसाने, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसाने आणावी लागे. जामीन किंवा गहाणवट यांच्या जागी तेथे लोकांच्या मनातील प्रतिमा काम करीत असे.

'अब्रू' हा शब्द फारसीतून आला. मुखावरचे पाणी, म्हणजेच तेज, असा त्याचा मूळ अर्थ. मोत्याचे पाणी उतरावे तसे माणसाचे तेज उतरते, ही कल्पना त्यात आहे. 'बूँद से गई वो हौद से नहीं आती' ही म्हण मराठी घरांतही ऐकू येते, ती या पाण्याविषयीच.

तिसरा शब्द 'लांछन'. व्यवहारातील मराठीत लांछन म्हणजे कलंक. जैन मंदिरात मात्र मूर्तीच्या आसनावर कोरलेली तीर्थंकरांची खूण म्हणजे लांछन : ऋषभदेवांचा वृषभ, पार्श्वनाथांचा सर्प, महावीरांचा सिंह. मुळात लांछन म्हणजे केवळ चिन्ह, ओळखीची खूण. ज्या चिन्हावरून माणूस ओळखला जातो ते वंदनीयही असू शकते आणि निंद्यही. बदनामी हेच करते. एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाऐवजी एखादा आरोप त्याची ओळखीची खूण होऊन बसतो.

कोल्हापूर प्रकरण : सद्हेतू आणि बनावट कागद

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अब्रूनुकसानीचा जो खटला सर्वांत बोधप्रद ठरला, तो दुष्ट हेतूने केलेल्या बदनामीचा नव्हता. म्हणूनच तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रे सुरू झाली. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघांचा जन्म १८५६ चा. म्हणजे वय अवघे पंचविशीचे. त्या सुमारास कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींच्या, चौथ्या शिवाजी महाराजांच्या, प्रकृतीविषयी आणि त्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी महाराष्ट्रात फार अस्वस्थता होती. महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे संस्थानचे दिवाण रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांचा हात आहे, असे दर्शवणारी काही पत्रे पुण्यातील मंडळींच्या हाती आली. दोन्ही वृत्तपत्रांनी त्यांच्या आधारे बर्वे यांच्यावर कठोर टीका केली.

बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रे खरी असल्याचे सिद्ध करता येईना; ती बनावट ठरली. संपादकांनी क्षमा मागितली, परंतु खटला थांबला नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

या प्रकरणात एका व्यापाऱ्याचेही नाव येते. खटल्याच्या काळात दहा हजार रुपयांच्या जामिनाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे आले. फुले आणि 'केसरी'चे संपादक यांचे विचार सर्वत्र जुळणारे नव्हते. तरीही, ज्यांच्या हेतूवर विश्वास आहे त्यांच्यामागे एका व्यापाऱ्याने आपली पत उभी केली.

आणखी एक योग विलक्षण आहे. तुरुंगातील त्या दिवसांत आगरकरांनी शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूपांतर हाती घेतले. ते १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. ज्या नाटकात मनाच्या निर्मळतेवर काजळी पडण्याची भाषा आहे, ते मराठीत आणणारा माणूस दुसऱ्याच्या नावाला काजळी लावल्याच्या ठपक्याखाली कैदेत होता.

पुढे, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगरच्या किल्ल्यात देखरेखीखाली ठेवलेल्या शिवाजी महाराजांचा त्यांच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू झाला. महाराजांविषयीची लोकांची काळजी निराधार नव्हती, हे त्यातून दुःखदपणे दिसले. पण त्यामुळे बर्वे यांच्यावरची पत्रे खरी ठरली नाहीत. कोल्हापूर प्रकरणाचे मर्म येथे आहे. चिंता खरी असू शकते, हेतू शुद्ध असू शकतो, आणि तरीही हातातला कागद खोटा असू शकतो. हेतूच्या शुद्धतेने कागद शुद्ध होत नाही.

कायदा काय पाहतो

याच्या वीस वर्षे आधी, १८६२ मध्ये, मुंबईत एक खटला गाजला होता. करसनदास मुळजी यांनी आपल्या गुजराती पत्रात एका धर्मगुरूंच्या आचरणावर गंभीर आरोप केले आणि त्यांच्यावर बदनामीचा दावा झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या साक्षीदारांनी न्यायालयात साक्ष दिली, आरोपांना आधार आहे असे न्यायालयाला पटले आणि निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला. दोन्ही खटल्यांत सुधारणेची कळकळ होती, दोन्हीकडे धाडस होते. फरक पडला तो पुराव्याने.

भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९९ मध्ये असलेली अब्रूनुकसानीची व्याख्या १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आली आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा, अशी शिक्षेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही फौजदारी तरतूद वैध ठरवताना, प्रतिष्ठा हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे असे मानले.

व्यापाऱ्यांनी या कलमातील तीन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली, माणसाच्या चारित्र्याबरोबरच त्याची 'पत' कमी करणारे विधानही या व्याख्येत येते. 'त्याच्याकडे आता काही राहिले नाही' हे वाक्य निरुपद्रवी नाही. दुसरी, कंपनी किंवा संस्था यांचीही बदनामी होऊ शकते आणि दिवंगताविषयीचे विधान त्याच्या कुटुंबीयांना दुखावण्याच्या हेतूने केलेले असेल तर तेही गुन्हा ठरू शकते. तिसरी, विधान केवळ खरे असून भागत नाही. ते सार्वजनिक हितासाठी केलेले असावे लागते.

कायद्याने दहा अपवाद दिले आहेत, आणि त्यातील एकाचे उदाहरण थेट दुकानातले आहे. एक दुकानदार आपल्या व्यवस्थापकाला सांगतो की अमक्याला रोख पैशाशिवाय माल देऊ नको, त्याच्या सचोटीचा मला भरवसा नाही. स्वतःच्या हिताच्या रक्षणासाठी आणि सद्भावनेने असे सांगितले असेल तर ती अब्रूनुकसानी नव्हे. येथे 'सद्भावना' म्हणजे चांगले मन एवढेच नाही. योग्य ती काळजी आणि दक्षता घेऊन केलेली कृती, असा कायद्याचा अर्थ आहे. दुकानदाराचे हेच वाक्य व्यवस्थापकाच्या कानापुरते राहिले तर सावधगिरी असते. तेच संपूर्ण बाजाराच्या व्हॉट्सॲप गटात पडले तर त्याला सावधगिरी म्हणणे कठीण आहे.

श्रावकाची पारख

कायद्याच्या फार आधीपासून जैन आचारशास्त्राने या दोषाचे बारकावे वेगळे केलेले आहेत. अठरा पापस्थानकांत 'अभ्याख्यान', म्हणजे खोटा आळ घेणे, हे तेरावे. 'पैशुन्य', म्हणजे चहाडी, हे चौदावे. आणि 'परपरिवाद', म्हणजे दुसऱ्याची निंदा करीत बसणे, हे सोळावे. आळ, चहाडी आणि निंदा या तीन गोष्टी एकच नाहीत, हे या यादीने स्पष्ट केले आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत 'कूटलेखक्रिया' आहे, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे. आणि 'रहोभ्याख्यान' आहे, म्हणजे कोणाची एकांतातली गोष्ट चव्हाट्यावर आणणे. कोल्हापूरच्या बनावट पत्रांसाठी 'कूटलेख' याहून नेमका शब्द सापडणार नाही.

या शब्दांचा उपयोग केवळ प्रतिक्रमणात उच्चारण्यापुरता नाही. समजा, बाजार समितीत एका सकाळी कुजबुज सुरू झाली की अमक्या अडत्याचा धनादेश परत गेला. त्याच्या खात्याचा तपशील कोणी पाहिलेला नाही. दुपारपर्यंत शेतकरी त्याच्या गाळ्यावर माल उतरवायला कचरतात, संध्याकाळी वाहतूकदार आगाऊ भाडे मागतो, आठवड्याने बँकेचा अधिकारी कागदपत्रे पुन्हा पाहू लागतो. जो माणूस कालपर्यंत अडचणीत नव्हता तो आता खरोखरच अडचणीत येतो, आणि मग तेच लोक म्हणतात, 'आम्ही सांगत नव्हतो?' अफवा अशी स्वतःचाच पुरावा तयार करते.

सोयरिकीच्या चौकशीत हे अधिक नाजूक होते. मुलीच्या किंवा मुलाच्या घराविषयी कोणी विश्वासाने विचारले असता, ठाऊक असलेली आणि लग्नाशी संबंध असलेली गोष्ट सांगणे हे कर्तव्यच आहे. ती दडवणे हाही अन्याय. पण 'ऐकून आहे बुवा, तुम्हीच पाहा' असे म्हणून सोडलेले अर्धे वाक्य काहीच सांगत नाही आणि सर्व काही बिघडवते. मोडलेल्या सोयरिकीचे कारण मुलीला कधीच कळत नाही; म्हणून तिला त्याचे उत्तरही देता येत नाही.

शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'त पैशापेक्षा नावाची किंमत मोठी, असा उपदेश करणारे पात्र आहे इयागो. निरपराध डेस्डिमोनावर संशयाची काजळी फासणाराही तोच. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'झुंझारराव' या रूपांतरामुळे मराठी रसिकांना ही कथा परिचित आहे. बदनामी करणारा बहुधा आपण कोणाच्या तरी भल्यासाठीच बोलत आहोत अशा आविर्भावात येतो. तो शपथ घालतो, आढेवेढे घेतो, 'तुमच्यापाशीच बोलतो' म्हणतो. असे आढेवेढे ऐकू येताच ऐकणाऱ्याने सावध व्हावे.

मग बोलावे केव्हा? चार प्रश्न पुरेसे आहेत. हे स्वतःला ठाऊक आहे की ऐकीव आहे? कागद असेल तर तो कोणी, कोणत्या हेतूने दिला? सांगण्याने कोणाचे नुकसान टळणार आहे? आणि ज्याचे नुकसान टळेल त्यालाच हे सांगितले जात आहे का? चारही उत्तरे समाधानकारक असतील तर मौन हा भित्रेपणा ठरेल. एका उत्तराशी जरी अडखळायला झाले, तरी शब्द ओठांआड ठेवणे बरे. कोळसा उगाळावा तितका काळाच. त्यातून उगाळणाऱ्याच्या हातीही दुसरा रंग लागत नाही.

ज्याच्या नावाला काजळी लागते त्यानेही काजळीचा स्वभाव ध्यानात ठेवावा. रागाच्या भरात त्याच भाषेत उत्तर दिले की डाग पसरतो. हिशेब, पावत्या, बँकेचा दाखला समोर ठेवावा, ज्यांचे देणे असेल ते वेळेवर चुकते करावे, आणि आरोप गंभीर असेल तर लेखी खुलासा मागावा. बर्वे यांनी कायद्याची वाट धरली. पत्रे खरी नव्हती हे त्या वाटेनेच सर्वांसमोर आले.

राहता राहिला प्रश्न लागलेली काजळी पुसण्याचा. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना आपण ज्ञात-अज्ञात सर्व दोषांची क्षमा मागतो. शेकडो लोकांना एकच संदेश जातो, आणि ज्याच्या नावाला खरोखर धक्का लागला त्याच्याही वाट्याला त्या शेकडोंतला एक येतो. पण त्याला मिळालेली क्षमायाचना खासगी असते. त्याची बदनामी मात्र चारचौघांत झालेली असते. क्षमा त्या माणसाकडे मागायची, परंतु दुरुस्ती ज्यांनी ऐकले त्या सर्वांकडे पोहोचवायची. ज्या गटात संशय टाकला त्याच गटात, तितक्याच स्पष्टपणे, 'ती माहिती मी पडताळली नव्हती आणि ती खरी नाही' अशी एक ओळ लिहिणे, हे शंभर औपचारिक संदेशांहून अवघड आहे. तरीही समोरच्या दुकानदाराला दुसऱ्या दिवशी उधारीवर माल मिळेल, तो त्या एका ओळीमुळेच.